मामांनी कातळाला तेल घातलं

आमच्या अण्णामामांना नवी वस्तू दाखवायची सोयच नव्हती. दाखवली की खिशातनं भंडाऱ्याची पुडी निघालीच म्हणून समजा. आमच्याकडे वॉशिंग मशिन आलं तेव्हा ते वळसंगहून मुद्दाम आले, मशिनला हळदीची पिवळी बोटं ओढली आणि नारळ थेट झाकणावर आपटला. झाकणाचा तडा अजून तसाच आहे. "फोडायला पायरी नव्हती का?" मी विचारलं, तर म्हणाले, "पायरीवर कशाला? काम ह्येच्याकडनं घ्यायचं हाय की."

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. माझे वडील वारल्यावर त्यांनीच आम्हा मायलेकींना वळसंगला आणलं, मला शिकवलं, सोलापुरात नोकरी लागेपर्यंत पाठीशी उभे राहिले. त्यामुळं त्यांच्यावर धड चिडताही येत नसे. नव्या रानात मेंढरं घालण्याआधी ते पायताण काढून, हात जोडून बांधावर उभे राहायचे. रानाच्या मालकाला आदल्या दिवशीच विचारलेलं असायचं, पण मामांना रानालाही विचारायचं असे. "आदी इचारावं, मग पाय ठिवावा. आपन पाव्हनं हाव हितं." यांचं विचारून होईपर्यंत मेंढरं केव्हाच आत घुसलेली असत आणि त्यांना वळवायला धावायचं मी.

कौतुक म्हणाल तर नावाला नाही. दहावीला मी शाळेत पहिली आले, तर "बरं झालं" म्हणाले आणि मेंढरांना पाण्यावर घेऊन गेले. नोकरी लागली, पुन्हा "बरं झालं." चाळिशीला टेकल्यावर मी कातळ चढायला शिकले, दोर, कमरेचा पट्टा, बूट, सगळं रीतसर. हौसेनं फोटो दाखवला तर मोबाइल आडवा-उभा करून म्हणाले, "शेरडं चढत्यात की. त्यास्नी दोर लागत न्हाय." मला ते फार लागलं. मामांनी एकदा खाली उभं राहून मला चढताना बघावं आणि "बरं झालं"च्या पुढं काहीतरी बोलावं, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे अगदीच थकले. मेंढरं विकली आणि मामा-मामी कायमचे पुण्याला, लेकाकडे जायला निघाले. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. निघण्याआधीचा रविवार मी धरला. तुळजापूरच्या बाजूला डोंगराच्या कुशीत तीस-पस्तीस फुटांचा एक कातळ आहे. बराचसा ठिसूळ, चढण्याजोगी वाट एकच. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही घेऊन मामा, मामी, माझा नवरा आणि मी असे सकाळीच पोचलो. मामा-मामींना खाली सावलीत बसवलं आणि वरनं दोर सोडायला आम्ही दोघं मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेलो. अर्धा तास लागला असेल.

खाली येऊन बघते तर कातळ पिवळाजर्द. खोबऱ्याचे तुकडे पडलेले. चटणीवर घ्यायला आणलेली तेलाची बाटली रिकामी, आणि मामा हात जोडून उभे.

"मामा, हे काय केलंत?"

"तेल घातलं. कुनी कवा घातल्यालं दिसंना. कोरडाच हुबा हाय बिचारा."

"अहो, मी तिथंच पाय ठेवणार होते."

"म्हनूनच तितं घातलं की."

मी माती चोळली, ओढणीनं पुसलं, पुन्हा माती चोळली. तीनदा चढले आणि तिन्ही वेळा पहिल्याच खोबणीत सटकले. नडगी सोलवटली. तोवर ऊन वर आलं आणि घामानं हातही निसटायला लागले. तेव्हा माझ्या जिभेचा तोल गेला. "तुम्हाला मला चढताना बघायचंच नव्हतं. जन्मात एक गोष्ट मागितली, तीही नासवलीत." भाकरी वाढता वाढता मामींचा हात थांबला. मामांनी डोक्याचं मुंडासं सोडलं आणि त्यानं कातळ पुसायला लागले. त्यानं तेल आणखीच पसरलं.

चटणी कोरडीच खाल्ली आणि परतलो. चार दिवसांनी ते पुण्याला गेले. मी पाया पडले, पण "चुकले" म्हणाले नाही. उन्हाळ्यात भेटू तेव्हा म्हणू, असा विचार केला. होळीच्या आधीच मामा गेले.

दहाव्याला मी पुण्यात होते. त्यांच्या सोसायटीतले एक आजोबा काठी टेकत माझ्याजवळ आले. "कडा चढणाऱ्या भाची त्या तुम्हीच का? अण्णा रोज बाकावर सांगायचे. सरसर वर गेली म्हणे. बघून बघून मान अवघडली म्हणायचे."

मी मामींकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत राहिल्या. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. परक्या माणसाला न घडलेलं रोज सांगायचं आणि मला घडलेल्याबद्दलही दोन शब्द बोलायचे नाहीत? आता हे भांडण तरी कुणाशी करू?

"केवढा उंच होता हो तो कडा?" आजोबांनी विचारलं.

"मामांनी किती सांगितला?"

"शंभर फूट."

"हो," मी म्हणाले, "शंभरच."