अष्टमीचं गोदाम

मे महिन्यात आमच्या इंजिनिअर कंपनीची एक प्लॅटून रोह्याला आली. कुंडलिकेवर बेली ब्रिज, म्हणजे लोखंडी पॅनेल जोडून उभारायचा पूल, टाकायचा सराव होता. मुक्काम पलीकडे अष्टमीत, भाताच्या एका रिकाम्या गोदामात. वर पत्रा, पूर्वेला एकच दार. पश्चिमेच्या चारही खिडक्या मालकाने विटांनी बुजवलेल्या. मी तेव्हा नाईक होतो. गाव पेणजवळ, वडखळच्या खाडीकडेचं. घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम.

रोज ०५३० ला फॉल-इन, ०६०० ते १६०० काम. रात्रीची गार्ड करणारे दिवसा गोदामात झोपत. आत घाम सुकतच नसे. बनियन पिळलं तर पाणी निघायचं.

तिसऱ्या दिवशी मी प्लॅटूनच्या सुबेदार साहेबांसमोर उभा राहिलो.

"साहेब, पश्चिमेच्या खिडक्या फोडू द्या. दुपारी खाडीवरून वारा सुटतो."

"दार उघडं आहे ना?"

"ते वाऱ्याच्या पाठीला आहे साहेब. वारा आत शिरत नाही."

"आत रायफली आहेत. खिडक्या उघडून चोरांना बोलवू? तू शेळपट आहेस, नाईक. इथलाच असून गरमी सोसत नाही. डिसमिस."

प्लॅटून हसली. मी सॅल्यूट केला. त्या दिवसापासून आमचं उभं वैर. मला लागोपाठ फटीग, म्हणजे भांडी-झाडूची शिक्षेची कामं, लागल्या.

शेजारी तानीकाकीचं घर होतं. कुडाच्या भिंती, समोरासमोर दारं. माझी भांडी घासून झाली की मी तिच्या ओटीवर टेकायचो. ती म्हणाली, "तुमच्या सायबाला सांग, वाऱ्याला यायला नि जायला दोन वाटा लागतात. आमच्या म्हशीच्या गोठ्याला पन हायेत."

पाचव्या दिवशी मी पुन्हा फटीगवर होतो. १४४० ला लान्स नाईक कोंडीबा पारटेला उठवायला आत गेलो. जावळीच्या डोंगरातला पोरगा. त्याने रात्रभर गार्ड केली होती. अंगाला हात लावला तर भाजला. डोळे उघडे, पण मला ओळखेना. म्हशी सोडा, म्हशी सोडा, असं पुटपुटत होता.

त्याला ओढत बाहेर आणलं. सिग्नलवाल्याने पुलाच्या कामावरच्या पार्टीला वायरलेस सेट लावला.

"टू फॉर वन. एक जवान बेशुद्ध. गाडी पाठवा. ओव्हर."

"गाडीवर पॅनेल चढवलेत. साहेबांना देतो."

मग सुबेदार साहेबांचा आवाज. "पाणी पाजा. नाटकं आहेत. काम थांबणार नाही. आऊट."

मी शिवी दिली. सेट बंद झाला होता.

तानीकाकीने हंडा पारटेच्या अंगावर ओतला आणि नवऱ्याला हाक मारली, "बैल जुंप! पोरगं जातंय!"

बैलगाडीतून गावचा जुना पूल ओलांडला. मी ओल्या टॉवेलने वारा घालत होतो. १५२५ ला रोह्याच्या दवाखान्यात पोचलो. १६५० ला पारटे गेला.

१८०० ला परत आलो, टूल बॉक्समधून घण काढला आणि खिडक्या फोडायला लागलो. पहिली फुटताच विटांच्या धुळीसकट वारा आत घुसला.

सुबेदार साहेब धावत आले. "कुणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

"तुझी फीत उतरवीन."

"उतरवा."

मी दुसरी फोडायला घेतली. तिसरीला आणखी दोन जवानांनी हात लावला. हसणाऱ्यांतलेच होते.  त्या रात्री प्लॅटून झोपली. मी क्वार्टर गार्डमध्ये कैदेत होतो.

चौकशी झाली. माझी फीत गेली. साहेबांना ताकीद मिळाली आणि वर्षाच्या आत बढतीही. कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं, ऊन लागणे.

रजेत मी जावळीला गेलो. पारटेचे वडील अंगणात बसले होते. कागद त्यांच्याकडे आला होता. त्यांनी एकच विचारलं.

"पोरगं छपराखाली झोपलं होतं ना? मग ऊन लागलं कसं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांचं नावही घेतलं.  मग आत जाऊन त्यांनी पोराचा फोटो आणून माझ्या हातात दिला. भरतीच्या दिवशीचा होता.

लान्स नाईक कोंडीबा पारटे. वय तेवीस. लढाईत गेला नाही, म्हणून त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. ते इथे लिहून ठेवतो.