सनईवाला पोळा

बुलढाण्याच्या आमच्या केबल चॅनलवर सणांचे कार्यक्रम ठरलेले असत. दिवाळीला दुकानदारांच्या शुभेच्छा, महालक्ष्म्यांना घरोघरची आरास आणि पोळ्याला देऊळघाटच्या झडत्या. शाळा सांभाळून मी तिथे निवेदन करायचो. बाजारात लोक मला आवाजावरून ओळखत. मग धाडचा एक तरुण कॅमेरा चालवायला आला.

झडती म्हणजे तोरणाखाली बैल उभे असताना म्हणायचे यमकाचे, टोमण्याचे बोल. एका पोळ्याला नेहमीचा झडतीवाला आजारी पडला. या पोरानं कॅमेरा माझ्या हाती दिला, माइक घेतला आणि सरपंचापासून चॅनलच्या मालकापर्यंत सगळ्यांना झडत्यांत ओढलं. ओट्यावरच्या बायका पोट धरून हसत होत्या. एक म्हातारी मला म्हणाली, "गुरुजी, तुमचं आयकता आयकता झोप लागते. यालेच बोलू देत जा ना बाप्पा!"

मी कॅमेरा त्याच्यावर रोखून धरला आणि आतल्या आत जळत राहिलो. 

कार्यक्रम जोडायचं काम माझ्याकडेच होतं. चित्रीकरणात वाऱ्याची घरघर आली की मूळ आवाज बंद करून वर सनई टाकायची, ही आमची रीत. त्या दिवशी वारा नव्हता. तरीही मी त्याचा सगळा आवाज काढला, सनई टाकली आणि तिच्यावर माझं शुद्ध निवेदन चढवलं. पडद्यावर ओठ त्याचे हलत होते, माणसं त्याच्या बोलण्यावर हसत होती, आणि ऐकू येत होतो मी. मालकाला सांगितलं, "त्याला माइक धरता येत नाही. नुसती घरघर." मालकानं त्याला पुन्हा माइक दिला नाही. पुढे तो चॅनल सोडून गेला.

आता झडत्यांसाठी त्याला गावोगावी बोलावतात. माझी नातवंडं मोबाइलवर त्याचे व्हिडिओ लावतात, तेही माझ्यासमोर, मोठ्या आवाजात. मी उठून अंगणात जातो.

यंदा चॅनलनं पोळ्याला आम्हा दोघांनाही बोलावलं. तोरणापाशी मी त्याला गाठलं.

"त्या साली माइक चांगला होता. तुझा आवाज मी काढला."

"माहीत हाय गुरुजी. शूटिंग झाल्यावर हेडफोन लावून मीच तं आयकलं होतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मालकानं तुमचं आयकलं असतं का माझं? लय राग आला होता तवा." मग तो हसला. "पण सनई काऊन लावली हो? पोळा होता का कोनाचं लगन? आमच्या धाडात अजून त्याले सनईवाला पोळाच म्हनतात!"

आजूबाजूचे खो खो हसले. इतकी वर्षं छातीवर वागवलेली गोष्ट त्यानं एका टोमण्यात स्वतःची करून टाकली. मला हलकं वाटायला हवं होतं. मी पुन्हा तसाच जळलो.

बैल तोरणाखाली आले. त्याच्यासाठी माइक मी धरणार, हे मीच मागून घेतलं होतं. त्यानं पहिली झडती सुरू केली आणि माझा हात आपोआप जरा लांबच राहिला. माझ्याकडे न बघता त्यानं माझं मनगट धरलं आणि माइक तोंडाजवळ ओढला. झडत्या संपेपर्यंत सोडलं नाही.