कंडक्टरकाकांचा डावा हात

‘एका पायावर उभं राहा’ म्हटलं, की ‘ताई ची’ या संथ चिनी व्यायामाच्या वर्गातले सगळे आजी-आजोबा डुलायला लागत. ढिम्म उभे राहत ते एकटे कंडक्टरकाका. उभी हयात धावत्या बसमध्ये तोल सांभाळण्यात गेलेली! शिकवणाऱ्या बाई खूश झाल्या.

“आज काका पुढे. ते करतील तस्संच करा, अगदी सावकाश.”

काकांची छाती फुगली. त्यांचा उजवा हात हवेत ढगासारखा तरंगला. बाईंनी वर्गावरून नजर फिरवली, तर बाराही जणांचा डावा हात कमरेशी घट्ट आवळलेला!

“अहो, हे कुठून आलं?”

सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. काका ओशाळले. मागच्या रांगेतून काकू कडाडल्या, “रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण तिकिटांची बॅग अजून डेपोत जमा केलेली नाही ह्यांनी!”