आईच्या खोलीतली चवथीची भिंत

आई आचऱ्याच्या घरी न्हाणीच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. इस्पितळातून तिला मी सरळ मालवणला, माझ्या ब्लॉकमध्ये आणलं. आचऱ्याच्या घरी तिच्यासोबत राहणारं कोणी नव्हतं. भाऊ आखातात, मी इथे तालुक्याच्या कचेरीत, आणि बाबांना जाऊन बरीच वर्षं झालेली. ठरवायला वेळ लागला नाही. मी ठरवण्यात फारसा वेळ घालवत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची, कडक गादी, रबरी चटई, पलंगाला बांधायची घंटी, सगळं ती यायच्या आधी आलं होतं आणि यादीवर खुणाही करून झाल्या होत्या.

खोली दिसते कशी, हे मात्र मी यादीत धरलं नव्हतं.

ती आमची मागची खोली. एरवी तिथे शिलाईचं मशीन आणि जुन्या फायलींच्या पिशव्या असायच्या. खिडकी एकच, आणि ती उघडली की समोर शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाईप. भिंतींना सायीसारखा फिकट रंग, कोपऱ्यात मागच्या पावसाची ओल वाळून राहिलेले करडे डाग. पलंग एकाच बाजूला बसत होता, कारण दुसरीकडून कपाटाचं दार उघडलं नसतं. आई उताणी पडली की तिच्या पायांसमोर कोरी भिंत. ती त्या भिंतीकडे बघत पडून असायची.

व्यायाम करून घेणारी मुलगी एक दिवसाआड येई. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून स्पष्ट सांगितलं, की हाड जुळतंय, अडचण हाडाची नाही. पुढच्या काही आठवड्यांत आजी स्वतःहून उठून चालल्या नाहीत, तर मग उठणारच नाहीत. अशी माणसं तिने पाहिली होती.

मी आईला म्हटलं, "आये, दारापर्यंत तरी चल. मी धरतंय."

"चलान खंय जाऊचा?" आई म्हणाली.

आचऱ्याला चालणं म्हणजे विहिरीपर्यंत, गोठ्याच्या रिकाम्या जागेपर्यंत, देवळाच्या वाटेवरच्या दगडी गडग्यापर्यंत. इथे दारापर्यंत गेलं की पुढे हॉल, त्यात टीव्ही. तेव्हा पहिल्यांदा मी त्या खोलीत तिच्या जागी बसून चारी बाजूंना पाहिलं. नंतर नवी यादी केली.

पडदे बदलले, गर्द निळे, पांढऱ्या फुलांचे. कोपऱ्यात पिवळा दिवा लावला. सावंतवाडीची लाकडी फळं आणून टोपलीत रचली: केळी, आंबा, फणस, सीताफळ. गंजिफाच्या खेळातली गोल रंगीत पानं चौकटीत बसवलेली मिळतात, ती पलंगाच्या बाजूला टांगली. खिडकीत पाईप दिसू नयेत म्हणून वेल सोडला. रविवारची सगळी सकाळ गेली. शेवटी हात पुसत आईला विचारलं, "कसा वाटता?"

तिने मान वळवून सगळं नीट पाहिलं. "दुकान घातलंस काय गो?"

"आवाडला नाय?"

"बरा आसा. दराच्यो चिठ्यो लाव, गिऱ्हाईका येयत."

मी हसले. तीही थोडी हसली, आणि पुन्हा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायला लागली. आठवडाभराने फळांच्या टोपलीवर धूळ बसली. वॉकर ठेवला होता तिथेच होता.

भिंतीची कल्पना मला भावाने पाठवलेल्या फोटोवरून सुचली. गेल्या चवथीचा फोटो. आमच्याकडे चतुर्थीला चवथ म्हणतात, आणि चवथीच्या आधी माजघरातली गणपतीमागची भिंत दरवर्षी नव्याने रंगते. जुनं चित्र पुसायचं, नवं काढायचं. मधोमध किरणांची प्रभावळ, दोन्हीकडे केळी, वर पोपटांची जोडी, खाली कमळं. प्रभावळीच्या आत काही काढत नाहीत, कारण तिथे मूर्ती येते. आमच्या घरची भिंत गेली कित्येक वर्षं माझा चुलतभाऊ रंगवतो. त्याची आचऱ्यात रिक्षा आहे. चित्र काढायला तो कुठे शिकला नाही, पण चवथीच्या आधी वाडीतली चार घरं त्याची वाट बघत असतात.

घराची आठवण देणारं याहून चांगलं काय असणार, असं मला वाटलं. त्याला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताय, वैशाखात चवथीची भिंत?"

"गणपतीसाठी नाय रे. आईक घरात असल्यासारख्या वाटूक व्हया म्हणान."

"आणि मधे काय बसयतलंस?"

"काय नाय. नुसता चित्र."

"तू म्हणतंस तर काढतंय. पण काकीक इचारलंस?"

"तिका सांगूचा नाय. बघान खूश होतली."

मी रंगांची नावं आधीच लिहून घेतली होती. पांढरा डिस्टेंपर आणि त्यात मिसळायच्या स्टेनरच्या छोट्या बाटल्या, हिरवा, लाल, पिवळा, निळा. तो रविवारी सकाळी आला. आईला आम्ही दोघांनी खुर्चीसकट उचलून हॉलमध्ये नेलं आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. "कसलो वास येता?" तिने विचारलं. "भिंतीची ओल बुजयतंय," मी म्हटलं.

त्याने आधी भिंतीच्या मध्यावर खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला पेन्सिल, आणि एका दमात प्रभावळीचं वर्तुळ फिरवून घेतलं. मग केळीची पानं. प्रत्येक पान देठाकडून टोकाकडे एकाच फटकाऱ्यात, मधे ब्रश न उचलता. पोपटांना त्याने लाल चोची दिल्या आणि गळ्यात काळा पट्टा. दुपारपर्यंत ती खोली ओळखू येईना. मला मनापासून आवडली. फोटो काढून भावाला पाठवला, त्याचं लगेच उत्तर आलं, घरीच असल्यासारखं वाटलं म्हणून.

संध्याकाळी आईला आत आणून पलंगावर निजवलं. तिने भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. आम्ही दोघं दारात उभे होतो.

"तुझो हात बरो आसा रे," ती चुलतभावाला म्हणाली.

मी ते काम झालं असं धरलं.

पण त्यानंतर गोष्टी उलट्या व्हायला लागल्या. पेज निम्मी उरायला लागली. आई आता कुशीवर, खिडकीकडे तोंड करून निजायची, आणि पाय पोटाशी ओढून घ्यायची. व्यायाम करून घेणारी रागावली. पाय सरळ राहिला पाहिजे, असाच आखडला तर पुढे उभं करणं कठीण. मी विचारलं, दुखतं का? नाही. गादी टोचते का? नाही. औषधाची वेळ बदलून पाहिली, उशी बदलून पाहिली. पाय पुन्हा पोटाशी.

एका संध्याकाळी कचेरीतून आल्यावर मी पलंगाच्या पायथ्याशी बसले, तिचं पाऊल धरलं आणि हळूच सरळ करायला लागले. तिने झटक्यात ओढून घेतलं. त्या पायात इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं.

"थंय पाय करू नको."

तेव्हा मला कळलं, भिंतीकडे पाय होताहेत. मला हायसंच वाटलं, कारण हे सोपं होतं. "आये, थंय देव खंय आसा? नुसता चित्र आसा ता."

"देव नाय म्हणानच," आई म्हणाली.

मी पाऊल सोडलं.

बाबा गेले ते चवथीच्या तोंडावर. मला ते आठवतं, म्हणजे मी तिथे होते तेवढं आठवतं. भिंत रंगवून झाली होती. आमचा पाट मूर्तिशाळेत गेला होता, त्याच्यावर मूर्ती तयार होती. सुतकात ती घरी आली नाही, तिथूनच परस्पर विसर्जनाला गेली आणि पाट रिकामा परत आला. मी बाराव्यापर्यंत राहिले. रजा संपली, मी मालवणला आले. भाऊ परत गेला. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की आमच्या घरात मरणाच्या वर्षी भिंतींना रंग लागत नाही. पुसायचाही नाही आणि काढायचाही नाही. एरवी चित्र राहतं ते गणपती येऊन गेल्यावरचं; ती भिंत मात्र तो न येताच पुढच्या चवथीपर्यंत तशीच राहिली.

आणि आई माजघरात निजायची.

"तुम्ही गेलात," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी ऱ्हवलंय आणि ती भिंत. सकाळी डोळे उघडले काय म्होरे तीच. पोपट जाग्यार, केळी जाग्यार, कमळा जाग्यार. मधे तेवढी जागा."

"माका कधी सांगलंस नाय."

"काय सांगतलंय? भिंतीची भीती वाटता म्हणान? लोक हसले असते."

मी उठून दिवा लावला. माझं डोकं अशा वेळी उपाय शोधायला लागतं, मला ते थांबवता येत नाही. कपाट हलवून भिंत झाकता येईल का पाहिलं, येत नव्हती. म्हटलं, प्रभावळीच्या मधे बाबांची तसबीर लावू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथेच सोडला. मग म्हटलं, चुलतभावाला सांगते, तो तिथे गणपतीच काढेल, म्हणजे जागा रिकामी राहणार नाही.

"आणि मी तेच्या म्होरे पाय करून निजतलंय?" आई म्हणाली. तिने खोलीतल्या कमोडच्या खुर्चीकडे बोट केलं. "आणि ह्या? ह्या तेच्या म्होरे करूचा?"

"मग काय करूया, तूच सांग."

"पुसून टाक."

"रंगयलेली भिंत पुसली तर चलता?"

"तेवा चलला नाय. आता खंय कोणाचा सुतक आसा?"

मी लगेच फोन केला. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा घेऊन आला, रोलर आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन. मी त्याला जिन्यातच सगळं सांगितलं. त्याने चपला काढल्या आणि आत जाऊन काकीच्या पायांना हात लावला.

"काकी, माका म्हायत नव्हता."

"तुका कसा म्हायत आसतला? तू तेवा शाळेत जायस."

आईला हॉलमध्ये न्यायला मी खुर्ची आणली. रंगाचे शिंतोडे उडणार, वास येणार, असा माझा हिशेब.

"खुर्ची नको," ती म्हणाली. "मी हंयच ऱ्हवतंय. माका बघूचा आसा. ता घोडा हाड हकडे."

घोडा म्हणजे वॉकर. तो आणून मी पलंगाला लावला. तिने दोन्ही मुठी आवळल्या, पाय खाली सोडले, आणि उठली. मी मागे उभी राहिले, व्यायामवालीने शिकवलं होतं तशी, हात जवळ पण न लावता. ती हलत हलत पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि भिंतीसमोर उभी राहिली.

चुलतभावाने रोलर रंगात बुडवला. "खंयसून सुरू करू, काकी? वरसून?"

"मधसून."

"मधे काय नाय, काकी. थंय आधीचोच रंग आसा."

"म्हणानच सांगतंय. आधी ता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. मग त्याने प्रभावळीच्या आत, जिथे पुसण्यासारखं काहीच नव्हतं तिथे, रोलर फिरवला. वरून खाली, पुन्हा वरून खाली. फिकट रंगावर ओला पांढरा चढत गेला. आई बघत होती. ती जागा पूर्ण भरेपर्यंत तिने नजर हलवली नाही. मी तिचं तोंड बघायचं टाळलं. ते माझ्या बघण्यासाठी नव्हतं.

मग किरणं गेली, मग कमळं, मग केळी. पोपटांपाशी येऊन त्याचा हात थांबला. त्याचंच काम होतं, जीव अडकणारच.

"काकी, ह्ये दोगे तरी ऱ्हवांदेत?"

"नको. चवथीक परत काढ. घरात काढ, हंय नको." ती म्हणाली, "आणि गेल्या टायमाक डाव्या पोपटाचो पाय आखूड झालो होतो. तो नीट कर."

"तू पाय बघलंस तेचो?"

"माका काय काम आसता?"

तो हसला, आणि पोपटांवरून रोलर फिरवला.

काम संपल्यावर आई वॉकर घेऊन वळली. वळताना एकदा डगमगली. मी हात पुढे केला, तिने मानेनेच नको म्हटलं. दारातून बाहेर, हॉलमध्ये, बाल्कनीजवळच्या दिवाणापर्यंत गेली आणि बसली. तिथून बसस्टँडकडे जाणारा रस्ता दिसतो. रंगाचा वास जाईपर्यंत ती तिथेच निजणार असं ठरलं. चादर आणून घातली. तिने पेज सगळी संपवली, वर सुका बांगडा मागितला.

सकाळी मी मागची खोली उघडली. भिंत वाळली होती. डिस्टेंपरचा एकच हात कधीच पुरत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. केळींच्या जागी हिरवट छटा वर आली होती, पोपटांच्या चोचींच्या जागी दोन तांबूस ठिपके. मधली जागा तेवढी स्वच्छ पांढरी होती, कारण तिच्याखाली चित्र नव्हतंच.

मागे वॉकरचा आवाज झाला. मी हाक मारली नव्हती, आणि घंटी वाजली नव्हती. आई दारात येऊन उभी राहिली, भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"दुसरो हात देऊचो लागतलो," ती म्हणाली, आणि वळून परत हॉलकडे चालायला लागली.