वजनदार मतदारसंघ

ती प्रेतयात्रा मला आजही आठवते, कारण तिच्या बंदोबस्ताला मीच होते. मेला होता तो माणूस नव्हता, मतदारसंघ होता. निदान आमच्या बंदोबस्ताच्या आदेशात तसंच लिहिलं होतं: ‘मतदारसंघाची प्रतीकात्मक अंत्ययात्रा’.

मी तेव्हा नवी उपनिरीक्षक होते. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला राहायला आले. ज्या गोष्टीचा तपास तालुक्यात लागला नाही, तो इथे, माझ्या बैठकीच्या खोलीत, रविवारी दुपारी लागला. ती गोष्ट आता न्यायालयात आहे, म्हणून कोणाचंही नाव घेणार नाही.

आधी मतदारसंघाविषयी. राज्याच्या पहिल्या निवडणुकीपासून तो होता. कोरडवाहू भाग, मोठं शहर एकही नाही. एकदा मात्र तिथल्या आमदाराला मंत्रिपद मिळालं आणि लोक कौतुकाने म्हणायला लागले, ‘आपला मतदारसंघ वजनदार आहे.’ पुढे मतदारसंघांची फेररचना झाली, तेव्हा त्याची गावं शेजारच्या तीन मतदारसंघांत वाटली गेली. नकाशावरून नाव गेलं. लोकांना ते फार लागलं. बचाव समिती झाली, रास्ता रोको झाले, आणि शेवटी समितीच्या अध्यक्षांनी मतदारसंघाची प्रेतयात्रा काढायची ठरवली.

आपल्याकडे पुतळा जाळायचं आंदोलन असलं की पोलीस पुतळा हिसकावतात. त्या दिवशी वरून निरोप होता: हिसकावू नका, राग निघून जाऊ द्या. तिरडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला कडबा आणि छातीवर मतदारसंघाच्या नावाची पाटी. पुढे मडकं धरून अध्यक्ष. मागे बाया छाती बडवत होत्या, “मतदारसंघा, आम्हाला कुणाच्या पदरात टाकून गेलास रे.” त्यांतली एक तर इतक्या मोठ्याने गळा काढत होती की माझे शिपाई तोंड फिरवून हसत होते. स्मशानात लाकडं भरपूर होती, वर जुने टायर टाकले. चिता पेटली, घोषणा झाल्या, आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी समितीने राखही सावडली आणि वाजतगाजत नदीत सोडली. वर्तमानपत्रांनी आंदोलनाच्या कल्पकतेचं कौतुक केलं.

प्रेतयात्रेच्याच संध्याकाळी ती गळा काढणारी बाई ठाण्यात आली होती. नवरा आदल्या दिवसापासून घरी नव्हता. समितीचा कार्यकर्ता, तयारीत असेल म्हणून तिने वाट पाहिली होती. ठाणे अंमलदाराने हरवल्याची नोंद घेतली. मोटरसायकलही गायब होती. अध्यक्षांनी स्वतः ठाण्यात येऊन सांगितलं की त्याचं बाहेर कुठे तरी जमलं होतं, तो गेला असेल. गावाने हेच उचललं. सासरच्यांनी तिला ‘तुझ्यामुळे गेला’ म्हणून घराबाहेर काढलं. थोड्याच दिवसांत माझी बदली झाली, पण ती मधूनमधून फोन करत राहिली. तिचा प्रश्न एकच असायचा: मी टाकलेली आहे की विधवा, एवढं तरी कोणी सांगा. कुंकू तिने पुसलं नव्हतं. कोणत्या आधारावर पुसणार?

आता रायस्वाइक. त्याच जिल्ह्यातली एक मुलगी इथून जवळच्या एका विद्यापीठात संशोधन करते. विषय: बंद झालेल्या त्या मतदारसंघाचा इतिहास. तिकडची जी जी माणसं नेदरलँड्समध्ये आहेत किंवा मुलांकडे येऊन राहिली आहेत, त्यांना ती गाठते. बंदोबस्ताला होते म्हणून माझ्याकडे आली. इथल्याच फेल्डहोवन शहरात एका इंजिनिअरचे वडील आले होते, त्यांची ध्वनिमुद्रित मुलाखत तिने मला ऐकवली. खबर मिळाली ती अशी. खबऱ्याला आपण खबर देतोय हे माहीतच नव्हतं.

मुलाखतीत काका म्हणत होते, “मी खांदेकरी होतो ना! आमचा मतदारसंघ खरंच वजनदार निघाला बघा. स्मशान येईस्तोवर खांदे बदलून बदलून जीव गेला.” ध्वनिमुद्रणात ती मुलगी हसत होती. आता माझ्यासमोर बसूनही हसली. म्हणाली, “मावशी, हा जोक तिकडे सगळ्यांना माहितीये. मी लहानपणापासून ऐकतेय.”

मी तिला तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग काकांना घेऊन येशील का, असं विचारलं.

पुढच्या रविवारी इंजिनिअर मुलगा वडिलांना घेऊन आला. काका गप्पिष्ट, तब्येतीने खणखणीत. इथल्या सपाट जमिनीला नावं ठेवून झाली. “मॅडम, इथं एक टेकाड दाखवा, मी चालत गावाला जाईन,” म्हणाले. चौकशीचा माझा नियम सोपा आहे: माणसाला त्याच्या माहितीतलंच विचारायचं. काकांनी जन्मभर शेती केलेली. मी विचारलं, “काका, कडब्याचं बुजगावणं किती जड असतं?”

“जड कसलं? पोरगं एका हातानं उचलतं.”

एवढं बोलले आणि थांबले. चहाचा कप हातातच राहिला.

मी पुढचे प्रश्न सावकाश विचारले. तिरडी कोणी बांधली? अध्यक्षांच्या ड्रायव्हरने, समितीच्या कार्यालयात, दार लावून. तुम्ही आत गेलात का? नाही, बांधलेलीच बाहेर आणली. तुम्ही कोणत्या बाजूला होतात? मागे, डावीकडे.

मुलगा मध्ये पडला. “मॅडम, बाबांना बीपी आहे. आपण नंतर बोलू या का?”

“गप रे,” काका म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात: “कापडाच्या आतून काहीतरी माझ्या मानेला लागत होतं. वाटभर. मला वाटलं, लाकूड घातलंय.” त्यांनी मानेवर हात ठेवला. “टाच होती ती.”

संशोधन करणारी मुलगी उठून बाथरूममध्ये गेली. पोलीस खात्यात मी खूप प्रेतं पाहिली आहेत. प्रेतयात्रेच्या दिवशी एक माझ्यासमोरून गेलं, ते मी ओळखलं नाही. सगळ्या तालुक्यासमोर, आमच्या बंदोबस्तात, घोषणा देत त्या हरवलेल्या कार्यकर्त्याला जाळलं होतं. आणि मग वर्षानुवर्षं गावाने त्यावर विनोद सांगितला होता.

मी काकांचा जबाब घेतला नाही. तो अधिकार मला आता नाही. जिल्ह्यातल्या गुन्हे शाखेत माझ्या तुकडीचा एक अधिकारी आहे, त्याला फोन केला. काका ठरल्यापेक्षा लवकर परत गेले आणि स्वतः ठाण्यात हजर झाले. दुसऱ्या खांदेकऱ्यांचे जबाब जुळले. ड्रायव्हर आधी नाही म्हणाला, मग बसून रडला, आणि त्याने दाखवलेल्या पडक्या विहिरीतून पंचांसमक्ष मोटरसायकल निघाली. कारणही कळलं. शेजारच्या मतदारसंघात तिकीट मिळणार म्हणून अध्यक्षांनी फेररचनेला आतून संमती दिली होती. कार्यकर्त्याला ते समजलं, त्याने प्रेतयात्रेत सगळ्यांसमोर सांगेन म्हटलं. कार्यालयात झटापट झाली, त्यात तो गेला. मतदारसंघाचं मडकं धरणाऱ्यानेच दोघांनाही मारलं होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? गर्दी काय ओरडते ते ऐका, तिचे हात बघा, हे प्रशिक्षणात सांगतात. ती काय उचलून चालली आहे, हे बघायला कोणी सांगत नाही. घोषणा खोटी देता येते, रडणं खोटं काढता येतं. खांद्यावरचं वजन लपवता येत नाही. आणि गावात फार वर्षं टिकलेला विनोद मी आता हसण्याआधी एकदा तपासून घेते.

तिकडच्या पोलिसांनी त्या बाईला सांगितल्यावर मी तिला फोन केला. मला वाटलं होतं, ती अध्यक्षाला शिव्या देईल, निदान रडेल. तिने उलट विचारलं,

“मॅडम, त्या दिवशी तुम्ही तिथंच व्हता ना? मी बायांत सगळ्यात पुढं व्हते. लई मोठ्यानं रडले व्हते. तुम्ही ऐकलं व्हतं?”

“ऐकलं होतं,” मी म्हणाले.

“मग झालं तर. त्याला रडायला कोणीतरी व्हतं.”