नजरेखालची फाइल

माझ्या थोरल्या बहिणीला आमच्या घरात दरोगा म्हणायचे. नाव मीच ठेवलेलं, आणि त्याबद्दल मारही मीच खाल्लेला. गॅस बंद आहे का, नळ गळतोय का, कोणाचा मोजा कोणाच्या कप्प्यात गेला, सगळ्यावर ताईचा पहारा. दार लावून निघाली, की चार पायऱ्या उतरून परत वर यायची आणि कडी ओढून बघायची. मी मोठा होऊन कुलूपवाला झालो तरी माझ्या हातच्या कुलपांशीही ती असंच वागायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ती संगणकाचे प्रोग्राम लिहिते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं कळतं की लहान दुकानदारांच्या माल पोचवणाऱ्या गाड्या असतात, त्यांना आधी कुठल्या गल्लीत जायचं आणि मग कुठल्या, हे तिचा प्रोग्राम सांगतो. तो तिने आणि दाजींनी मिळून लिहिला, लग्नाच्या पहिल्या वर्षी, जेवायच्या टेबलावर समोरासमोर बसून. तेव्हा त्यांच्या घरी गेलं की दोघांच्या बोटांचा टकटक आवाज आणि मधेच एखादं हसू ऐकू यायचं. मला वाटायचं, नशीब काढलं पोरीने.

दाजींनी कधी आवाज चढवला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर जो तो हेच विचारायचा, मारायचा का, ओरडायचा का? एके दिवशी त्यांनी तिला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. ‘तू दमली आहेस, जरा पड,’ म्हणाले. मग बाहेर टेबलाशी बसून संध्याकाळपर्यंत शांतपणे काम केलं. ताईला आतून ती टकटक ऐकू येत होती. कडी काढल्यावर त्यांनी विचारलं, ‘आता बरं वाटतंय ना?’ त्यानंतरच्या आठवड्यात ती एक बॅग घेऊन निघाली, ती थेट माझ्या दुकानात.

घर मोडलं, प्रोग्राम मात्र मोडला नाही. गिऱ्हाइकं दोघांची होती, हक्क दोघांचा होता, आणि दोघांपैकी कोणी तो सोडेना. दोघं आपापल्या घरी बसून त्याच्यावरच काम करत राहिले. एकाने काही बदललं की ते दुसऱ्याकडे जायचं, सोबत एक ओळ लिहून: ‘पूल बंद असेल तर वळसा दाखवतो.’ ‘शाळा सुटायच्या वेळेची गर्दी धरली.’ त्या ओळी वाचून कोणी म्हणालं असतं, काय समजूतदार माणसं आहेत!

पहिली भाड्याची खोली कपडे धुण्याच्या दुकानावर होती. महिनाभर बरा गेला. मग एकदा ती खाली उतरली तर दाजी फुटपाथवर उभे. हातात तिचा जुना चष्मा. ‘राहिला होता,’ म्हणाले, तो दिला आणि गेले. तिने जागा बदलली. दुसऱ्या घरासमोर एक बेकरी होती. एका सकाळी तिने पडदा सरकवला, तर बेकरीच्या काचेपलीकडे दाजी कॉफी पीत बसलेले. त्यांनी हात वर केला, ओळखीचं कोणी दिसल्यावर करतात तसा. तिसऱ्या ठिकाणी तर ते इमारतीच्या आतच सापडले. ताईच्या मजल्यावर स्टुलावर उभे राहून घरमालकाला बल्ब बदलून देत होते. घरमालक ताईला म्हणतो, किती साधा माणूस हो!

पोलिसांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पण त्यांनी केलं काय?’ चष्मा परत दिला, कॉफी प्यायली, बल्ब बदलला. ह्यात बोट कशावर ठेवणार?

ताई सुकत चालली. तिला एकच भीती होती, की पुढच्या वेळी तो माणूस घराच्या आत असेल आणि कडी पुन्हा बाहेरून लागेल. तिने फोन बदलला, नंबर बदलला. खोल्या दाखवणाऱ्या दलालावर संशय घेतला, दूधवाल्यावर घेतला. आणि मग तिने तिसऱ्या घरी मला समोर बसवलं.

“तू सांगितलंस का त्यांना?”

“मी? ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“तिन्ही घरांची कुलपं तू बसवलीस. तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?”

“कुलूप बसवलं म्हणजे मी पत्ता वाटत फिरतो?”

“मुद्दाम नसशील. तू भोळा आहेस. ते गोड बोलतात, आणि तू...”

पुढचं मी ऐकलं नाही. तिच्या घराची माझ्याकडची चावी टेबलावर आपटली आणि जिना उतरलो. राग आला होता, आणि रागापेक्षा लागलं जास्त. चौथ्या घराचा पत्ता तिने मला दिला नाही. कुलूपही दुसऱ्याच कोणाकडून बसवून घेतलं. आमचं बोलणं बंद झालं. मी दुकानात चाव्यांवर कानस घासत बसायचो आणि मनातल्या मनात तिच्याशी भांडायचो. आणि खरं सांगू? तिथे ती सुरक्षित आहे असं वाटून मला बरंही वाटायचं.

मग एका दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

“इथे ये,” म्हणाली, आणि पत्ता सांगितला. “तू नव्हतास. मीच होते.”

चौथ्या मजल्यावरची खोली होती. खोके अजून फोडलेले नव्हते. मधोमध खुर्चीवर नवाकोरा लॅपटॉप आणि समोर जमिनीवर ताई. जुना लॅपटॉप आदल्या दिवशी बंद पडला होता. म्हणून तिने प्रोग्रामची ताजी कॉपी नव्यावर उतरवून घेतली आणि चालवून पाहिली. तो अडायला हवा होता, म्हणाली. कारण तिच्या स्वतःच्या सोयीची एक छोटी फाइल असते, ती फक्त तिच्या जुन्या लॅपटॉपवर होती. ती नाही म्हणून त्याने तक्रार करायला हवी होती. पण तो गुमान चालला, म्हणजे ती फाइल कॉपीसोबतच आली होती.

“काय असतं त्या फाइलीत?” मी विचारलं.

“प्रोग्राम बरोबर चालतो का बघायला एक पत्ता लागतो. कुठला तरी. मी आपलं माझंच घर घालते. हाताशी असतं ना, रस्ते पाठ असतात. घर बदललं की तिथे नवं घर घालायचं.”

माझ्या लक्षात येऊ लागलं, पण तिला मधे तोडवेना. तिने मला समजेल असं सांगितलं. त्यांच्यात गिट नावाची एक व्यवस्था असते. ती फाइलींवर नजर ठेवते, प्रत्येक बदल लक्षात ठेवते आणि सोबत काम करणाऱ्याकडे पोचवते. ज्या फाइली आपल्यापुरत्या असतात, त्यांची नावं वेगळी लिहून ठेवायची, की ह्यांच्याकडे बघू नकोस. दाजींना सोडलं त्याच दिवशी ताईने ह्या फाइलीचं नाव तिथे लिहिलं होतं. मग निश्चिंत झाली.

“मग?”

“मग हे बघ.” तिने काहीतरी टाइप केलं. “दुर्लक्ष केलेल्या फाइली दाखव, म्हटलं मी.” नावं आली. ती बोटाने एकेक दाखवत गेली. तिची फाइल त्यात नव्हती. “आता नजरेखालच्या दाखव म्हणते.” लांबच लांब रांग सरकली आणि थांबली. मधेच एका नावावर तिचं बोट टेकलं.

“एकदा नजरेखाली आलेली फाइल नुसतं नाव लिहून सुटत नाही. तिला वेगळं सोडवून घ्यावं लागतं. काम सुरू केलं त्या पहिल्याच दिवशी आम्ही सगळं सरसकट आत घातलं होतं, त्यात हीसुद्धा गेली होती. नवशिक्यांनी करायची चूक आहे ही. काम झालं की मी एका दमात सगळे बदल पाठवून द्यायचे. काय काय जातंय ते कधी वाचलंच नाही.”

गॅस तपासणारी, नळ तपासणारी, माझी कुलपं ओढून बघणारी ताई. तिनेच हे वाचलं नव्हतं. दरवेळी घर बदललं, की ती आपल्या हाताने दाजींना नवा पत्ता कळवत होती. आणि त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की अगं, तुझी फाइल इकडे येतेय. कुठल्याही परक्या माणसाने सांगितलं असतं.

“ह्या घराचा गेला?” मी विचारलं.

तिने तीच फाइल उघडली. शेवटचा बदल तिचा नव्हता. त्या दिवशी सकाळचा होता, दाजींचा. निघायची जागा म्हणून त्यांनी आपलं घर घातलं होतं, पोचायची जागा म्हणून हे. आणि बदलासोबतची ओळ नेहमीसारखीच सरळ: ‘तपासून पाहिलं. रस्ता बरोबर आहे. दुपारी गर्दी नसते.’

मी घड्याळाकडे पाहिलं नाही. दुपारच होती.

“ऊठ,” मी म्हणालो. “खोके राहू देत.”

तिने लॅपटॉप छातीशी धरला. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर दाजी भेटले. इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही, चेहऱ्यावर तेच हसू. मी मधे झालो.

“अरे वा, भाऊपण आहे,” ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून तिला म्हणाले, “घाबरतेस कशाला? मी कधी शोधायला आलो का? दरवेळी तूच सांगत होतीस.”

खोटं काय होतं त्यात?

ते भिंतीला चिकटून उभे राहिले, आम्हाला वाट करून दिली. आम्ही खाली पोचेपर्यंत वरून त्यांचा आवाज येत होता, काळजीचा, मायेचा. “सावकाश उतर गं. नवी जागा मिळाली की कळव.”

त्या संध्याकाळी ताईने प्रोग्रामवरचा हक्क सोडून दिला, सगळा. एवढ्या वर्षांचं काम तिने एका ओळीत त्यांच्या नावावर केलं आणि लॅपटॉप मिटला. मग माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून ती ओक्साबोक्शी रडली आणि मला म्हणाली, तुझ्यावर संशय घेतला रे मी. मीही रडत होतो.

काही दिवसांनी माझ्याकडून निघताना तिने पाचव्या घराचा पत्ता सांगायला सुरुवात केली. गावाचं नाव तोंडातून निघायच्या आत मी दोन्ही हातांनी कान झाकले. ती थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिला कळलं. आता दाजी मधूनमधून दुकानात येतात, दुरुस्तीला म्हणून एखादं कुलूप दाखवतात, ताईची चौकशी करतात. मी सांगतो, मला माहीत नाही. ते माझ्या डोळ्यांत निरखून बघतात आणि त्यांना पटतं, कारण ते खरं असतं.