कागदात कळशी नव्हती

देवळाच्या इनाम जमिनीवरून दोन पुजारी भाऊबंदांत तंटा लागला आणि बंदी आली ती सगळ्या गावाच्या पिण्याच्या आडावर. आड त्या जमिनीत होता, एवढाच त्याचा गुन्हा. तहसिलीतून एक शिपाई हुकूम घेऊन आला आणि आडाशेजारी खाट टाकून बसला. बायका कोसभर लांब नदीतल्या झिऱ्यावर जाऊ लागल्या.

मी तेव्हा विशीत होतो. वऱ्हाडातून चोरून येणारी पत्रके वाचून वाचून माझे रक्त कायम तापलेले असे. दोन दिवस खपून मी चार पानांचा अर्ज लिहिला. 'पाणी कोणाच्या बापाचे नाही' ही त्याची पहिली ओळ. आडावर लोक जमवून वाचायला उभा राहिलो, तर माझी चुलती रिकामी कळशी घेऊन पुढे आली.

"तुझं ऱ्हाऊ दे. त्यांच्या कागदात काय लिव्हलंय? बराबर सांग, भाषण नगं."

हुकूम उर्दूत होता आणि माझी शाळाही उर्दूतलीच. शिपायाकडून हुकूम घेऊन मी वाचला. फैसला होईपर्यंत या आडात कोणी डोल सोडू नये.

"डोल म्हंजी पुजाऱ्याचा तो लोखंडी पोहरा?"

"हो, पण त्याचा अर्थ..."

"अर्थ ऱ्हाऊ दे. ही काय हाये?"

"कळशी."

"मंग?" एवढे म्हणून तिने कळशीच्या गळ्याला दोर बांधलासुद्धा.

शिपाई खाटेवरून उठला. "बाई, हे काय करून राह्यल्या?"

"कळशी सोडून राह्यले, दादा. तुमचा हुकूम आमी बिलकुल मोडणार न्हाई."

त्याने ओळीवर बोट ठेवून हुकूम पुन्हा वाचला. "कागजात कळशी न्हाई," तो गंभीरपणे म्हणाला. हुकमाबाहेरची बंदी घालायची त्याची छाती नव्हती. "वर विचारावं लागंल. जवाब येईपर्यंत मी तरी कसं अडवू?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमचं अक्षर चांगलं दिसतंय. तुमीच लिहून द्या."

मी अर्जाचे शेवटचे पान उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतले : कळशीबाबत काय हुकूम आहे?

भरलेली कळशी वर ओढता ओढता चुलती म्हणाली, "सावकाश लिव्ह रं. एक काना बी चुकायला नगं."

"काकी, उर्दूत काना नसतो."

"मंग तर लईच येळ लागंल."

त्या एका ओळीला मी तीन दिवस लावले. तोवर गावातले दोर पुरेनात, म्हणून लोक बैलांची दावी गाठी मारून आडावर आणत होते.